आरशाची स्लाइड मी काढून टाकली

माझ्या भाषणाची शेवटची स्लाइड आरशाची होती. निळ्या पाण्याची टाकी, त्यात पंख पसरलेला एक अवाढव्य मासा आणि समोर त्याचंच प्रतिबिंब. त्या चित्रापाशी आलो की मी जरा थांबायचो, आवाज खाली आणायचो आणि म्हणायचो, ‘‘हा मासा आरशात स्वतःला ओळखतो. आता सांगा, याला मारायचं?’’ टाळ्या हमखास पडायच्या. बेंगळुरूत आमच्या सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये पडल्या, मुलीच्या शाळेत पडल्या, एकदा इथल्या मराठी मंडळींच्या कोजागिरीला दूध आटायची वाट बघत बसलेल्या लोकांतही पडल्या.

आता ती स्लाइड माझ्याकडे नाही. ती का काढली हे सांगायचं, तर आधी मी काय मानत होतो ते कबूल करायला हवं, आणि ते करताना थोडी लाज वाटते. मी मानत होतो की त्या स्लाइडवरचा मासा, म्हणजे मांटा, वाचवायला हवा, कारण तो हुशार आहे. मांटा वाचवायला हवा हे मी आजही म्हणतो. माझी चूक त्या ‘कारण’च्या पुढे होती.

आम्ही मूळचे मालवणकडचे, गाबीत. आजोबा रापणीला जायचे. बाबा शाळामास्तर झाले. मी इंजिनिअर होऊन २००१ साली बेंगळुरूला आलो आणि इथलाच झालो. तीन पिढ्यांत आम्ही पाण्यातून काठावर आलो आणि काठावरून थेट समुद्रसपाटीपासून नऊशे मीटर उंचीवर चढून बसलो. समुद्राशी माझं नातं उरलं ते रविवारी सकाळी रसेल मार्केटला जाण्यापुरतं. तिथे बांगड्याला बंगुडे म्हणतात, सुरमईला अंजल, आणि आमचे पेडवे म्हणजे तुमची तारली, तिला भूताई. नावं बदलली तरी वास तोच, म्हणून बरं वाटायचं.

पंखवाल्या चपट्या माशालाही अशीच नावं आहेत. मुंबईकडे पाकट, आमच्याकडे वागळी, कर्नाटकच्या किनाऱ्यावर तोरके. लहानपणी आजी तिरफळं घालून वागळीचं तिखलं करायची. वागळी म्हणजे शेपटीला विषारी काटा असलेला, वाळूत पडून राहणारा मासा, एवढीच माझी ओळख. याच कुळात मांटा हा एक मासा असा आहे, जो वाळूत बसत नाही, ज्याच्या शेपटीला डंख नाही आणि ज्याचं तोंड पोटाखाली नसून चेहऱ्याच्या पुढ्यात आहे, हे मला चाळिशी ओलांडेपर्यंत माहीत नव्हतं.

बेंगळुरूत समुद्र नाही, पण समुद्रवेड्यांची टंचाईही नाही. इथल्या तरणतलावात स्कूबाचे धडे घ्यायचे आणि जोडून सुट्टी आली की मुरुडेश्वर गाठून नेत्राणी बेटाजवळ बुडी मारायची, ही आयटीतल्या पोरांची ठरलेली सहल. ऑफिसातल्या अशाच एका टोळक्याबरोबर २०१८ च्या ऑगस्टमध्ये मी मालदीवला गेलो. बेंगळुरूहून माले विमानाने दोनेक तासांवर. तिथून बा नावाच्या प्रवाळबेटांच्या वलयात हनिफारू म्हणून एक छोटा उपसागर आहे. २००९ पासून तो संरक्षित आहे, आणि तिथे टाक्या पाठीला लावून बुडी मारायला बंदी आहे. तोंडात नळी धरून वरच्या वर तरंगायचं.

ऑगस्टच का, हेही तेव्हाच कळलं. जो नैर्ऋत्य मोसमी वारा आमच्या कोकणात कौलं उडवतो, तोच तिथे प्लवकांचा, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जिवांचा, मेवा बेटांच्या पूर्व कडेला आणून टाकतो. भरतीचं पाणी उपसागरात शिरतं, प्लवक आत कोंडतात आणि मे ते नोव्हेंबर मांटांची पंगत बसते.

मी पाण्यात तोंड घातलं तेव्हा आधी काहीच दिसलं नाही. गढूळ, पिठाळलेलं पाणी. मग त्या पिठातून एक उघडा जबडा माझ्या दिशेने आला. दोन्ही पंखांची टोकं एका नजरेत मावेनात. साडेतीन-चार मीटरचा तो देह माझ्यापासून हातभर अंतरावर खाली वळला, पांढरं पोट दाखवून उलटा झाला, पुन्हा सुलटा झाला, आणि अशी कोलांटी तो एकाच जागी मारत राहिला. त्याच्या मागून दुसरा आला, दुसऱ्याच्या शेपटीला नाक लावून तिसरा. मालदीवच्या संशोधकांनी या जेवणाच्या तऱ्हा नोंदवून ठेवल्या आहेत. एकटा मांटा कोलांट्या मारतो. अनेक असले की आगगाडीसारखी रांग लागते. रांग फार लांबली की पुढचा मागच्याला जाऊन मिळतो आणि सगळी पंगत भोवऱ्यासारखी गरगरायला लागते, म्हणजे प्लवक मधोमध गोळा होतात.

परतलो तो झपाटल्यासारखा. मिळेल ते वाचून काढलं. ‘मांटा’ म्हणजे स्पॅनिशमध्ये पांघरूण. डोक्यापुढची दोन ‘शिंगं’ ही खरं तर गुंडाळलेली पानं. पोहताना गुंडाळी, खाताना उलगडून पाणी तोंडाकडे वळवायचं. त्या शिंगांपायीच दर्यावर्दी याला सैतान म्हणत आले. पोटावरचे काळे ठिपके प्रत्येकाचे वेगळे, त्यामुळे फोटोवरून माणूस ओळखावा तसा मांटा ओळखता येतो. एकट्या मालदीवमध्ये असे पाच हजारांहून अधिक मांटा नोंदले गेलेत. २००९ पर्यंत सगळे एकच जात समजले जायचे. मग किनाऱ्याच्या प्रवाळांजवळ राहणारा आणि भर समुद्रातला, सात मीटरपर्यंत पसरणारा, अशा दोन जाती वेगळ्या ठरल्या. २०२५ मध्ये अटलांटिकमधली तिसरी जात शास्त्रीय नावानिशी जाहीर झाली.

मला सगळ्यांत आवडली ती त्याच्या कल्ल्यांची गोष्ट. मला वाटायचं, ती चाळणी असणार. पण चाळणी तुंबते, आणि मांटा तासन् तास खाऊनही तुंबत नाही. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात याचं उत्तर मिळालं. कल्ल्यांवरच्या पानांसारख्या पट्ट्यांवरून पाणी जाताना लहान लहान भोवरे होतात, प्लवकाचा कण पट्टीवर आपटून उसळतो, तसाच उसळत घशाकडे जातो आणि पाणी मात्र फटीतून निसटतं. फटीपेक्षा बारीक कणसुद्धा असा अडवला जातो. वाचताना मला ओसरीवर पाखडायला बसलेली आजी दिसली. तिच्या हातातलं सूप चाळत नाही, उसळवतं, आणि उसळवता उसळवता दाणा एकीकडे नि कोंडा दुसरीकडे करतं. मांटाच्या तोंडात चाळणी नाही, सूप आहे.

पण लोकांना सूप सांगून टाळ्या मिळत नाहीत. टाळ्या मेंदूला मिळतात. माशांमध्ये सर्वांत मोठा मेंदू मांटाचा. त्याच्याभोवती रक्तवाहिन्यांचं एक दाट जाळं आहे आणि ते मेंदू उबदार ठेवतं, असं मानतात. शेकडो मीटर खोल थंड पाण्यात उतरणाऱ्या माशाला ते कामाचं. प्रवाळांजवळचा मांटा ६७२ मीटर खोल गेल्याची नोंद आहे. आणि मग २०१६ चा तो आरसा. बहामाजमधल्या एका मत्स्यालयात दोन मांटांच्या टाकीत मोठा आरसा लावला. दोघं आरशासमोर पुन्हा पुन्हा घिरट्या घालू लागले, पोट आरशाकडे करू लागले, तोंडातून बुडबुडे सोडू लागले. अनोळखी मांटा भेटल्यावर जसं वागतात, तसं ते वागले नाहीत. संशोधकांनी म्हटलं, ही स्वतःच्या जाणिवेची चिन्हं असू शकतात. ‘असू शकतात’ हे शब्द मी माझ्या स्लाइडवर आणले नाहीत. अंगावर खूण करून ती मांटा आरशात बघून तपासतो का, ही खरी कसोटी त्या प्रयोगात झालीच नव्हती, हेही मी वाचलं होतं. वाचलं होतं आणि गाळलं होतं. पहिली कबुली ही.

ऑक्टोबर २०२० मध्ये मलपे बंदरात एका बोटीला दोन प्रचंड मासे मिळाले. एक ७५० किलोचा, दुसरा २५० किलोचा. फोटो आणि व्हिडिओ देशभर फिरले. बातम्यांत कुणी त्यांना स्टिंग रे म्हटलं, कुणी मांटा. मला बघताक्षणी मांटाच दिसला. महामारीमुळे घरात कोंडलेलो होतो, हातात फोन होता आणि डोक्यात आरशाची स्लाइड. घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मी लांबलचक लिहिलं. स्वतःला ओळखणाऱ्या जिवाला मारून वर फोटो काढणारे लोक, निर्बुद्धपणा, अज्ञान, असे सगळे शब्द वापरले. ग्रुपवर बायकोकडच्या मंडळींनी हात जोडलेली चित्रं टाकली. गावाकडून कुणीच काही बोललं नाही.

रात्री चुलतभावाचा फोन आला. माझ्याहून आठ वर्षांनी मोठा. त्याची छोटी होडी आहे, अजूनही जातो. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाला, ‘‘तुझो तो मासो हुशार नसतो, तर मारलेलो चललो असतो काय रे?’’

मी म्हटलं, ‘‘तसं नाही.’’

‘‘मगे कसा? पेडवे ढ, म्हणान टोपलीभर खातंस?’’

मी काहीतरी बोललो. काय बोललो ते आठवत नाही, पण त्यात ‘इकोसिस्टिम’ हा शब्द होता एवढं आठवतं. भाऊ हसला नाही, हे जास्त लागलं. ‘‘बरा, जेव आता,’’ म्हणाला आणि फोन ठेवला.

वादात हरलेला माणूस करतो तेच मी केलं: आणखी पुरावे शोधायला बसलो. मांटाच्या हुशारीचे. शोधता शोधता जे हाती लागलं, त्याने उरलंसुरलंही बुडालं. मांटा प्रवाळावरच्या ठरावीक जागी स्वच्छतेसाठी येतो. तिथे बोटाएवढे मासे त्याच्या अंगावरचे, तोंडातले, कल्ल्यांवरचे परजीवी टिपून खातात. मांटा येतो, वेग कमी करतो, त्यांच्यावर घिरट्या घालतो आणि ते न्हाव्यासारखे कामाला लागतात. २०१९ मध्ये जपानी संशोधकांनी याच सफाईवाल्या माशांपैकी काहींच्या गळ्याखाली, आरशाशिवाय दिसणार नाही अशा जागी, परजीवीसारखा तपकिरी ठिपका केला. चारातल्या तिघांनी आरशात बघून तो ठिपका खालच्या वाळूवर घासला. म्हणजे मी ज्या परीक्षेच्या जोरावर मांटाला सिंहासनावर बसवलं होतं, ती परीक्षा मांटाने दिलेलीच नव्हती, आणि त्याचे दात कोरणारा दहा सेंटिमीटरचा नोकर मात्र पास झाला होता.

त्या रात्री मी आधी हसलो आणि मग जरा घाबरलो. माझ्या तर्काने आता काय करायचं? सफाईवाल्याला पहिला नंबर, मांटाला दुसरा, आणि पेडव्यांनी अजून आरसा बघितला नाही म्हणून त्यांना नापास?

प्रवास सुरू झाल्यावर मी २०२१ च्या डिसेंबरात रात्रीच्या बसने कर्नाटकच्या किनाऱ्यावरच्या एका बंदरात गेलो. बायकोला कामाचं सांगितलं, दुसरी कबुली. पहाटे धक्क्यावर कुप्यांच्या, म्हणजे ट्यूनाच्या, राशींशेजारी एक तोरके उताणा पडला होता. मांटा नव्हता, त्याच्याच जातकुळीतला लहान चुलता. पंख माझ्या दोन्ही हातांएवढे. पांढरं पोट, पाच-पाच कल्ल्यांच्या चिरा. मी बोटीच्या तांडेलाशी मोडक्या कन्नडमध्ये बोललो. तो चिडेल अशी माझी तयारी होती. तो चिडला नाही, कंटाळला होता.

त्याने सांगितलं ते साधं होतं. जाळं कुप्यासाठी रात्रभर तरंगत सोडतात. हा कधी त्यात येतो, बोलावलेला नसतो. मागे जाता येत नाही, त्यामुळे जेवढा धडपडतो तेवढा अधिक गुरफटतो. पुढचं मला पुस्तकातून ठाऊक होतं: मांटाच्या कुळातल्या माशाला पोहत राहिल्याशिवाय श्वास घेता येत नाही. कल्ल्यांवरून पाणी वाहतं ठेवायला त्याला चालत राहावंच लागतं. जाळ्यात थांबला की गुदमरला. सकाळी जाळं ओढतात तेव्हा तो बहुधा मेलेलाच असतो, आणि जाळ्याला आरपार भोक पडलेलं असतं. ‘‘हा आम्हाला नको असतो,’’ तांडेल म्हणाला. ‘‘पण आलेला मासा समुद्रात परत टाकून काय करू? मेलेला आहे.’’

मांसाला भाव फारसा नाही, हेही त्याने सांगितलं. भाव कल्ल्यांना. सुकवलेले कल्ले चीनच्या ग्वांगझूसारख्या बाजारात ‘पेंग यू साय’ नावाने टॉनिक म्हणून विकले जातात. ही काही हजारो वर्षांची परंपरा नाही. मागणी वाढली ती अलीकडच्या काही दशकांत. भारत, श्रीलंका आणि इंडोनेशिया हे या कुळातले मासे सर्वाधिक पकडणारे देश गणले गेले. इंडोनेशियाने २०१४ मध्ये मांटाला देशभर संरक्षण दिलं. ते सूप, ज्याच्यात मला आजी दिसली होती, ते कुणाच्या तरी काढ्यात जात होतं आणि ज्याचं जाळं फाटलं त्याच्या पदरात त्यातलं थोडंसंच पडत होतं. मी ज्याला ग्रुपवर निर्बुद्ध म्हटलं होतं, तो माणूस असा माझ्यासमोर उभा राहून विडी पेटवत होता. त्याच्या हातावरचे दोरीचे वळ मी ओळखत होतो. आजोबांच्या हातावर तसेच होते.

उत्तर मला शेवटी ऑफिसात सापडलं, आणि इतकी वर्षं ते रोज माझ्या टेबलावर पडलेलं होतं. मी एका यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत सुट्या भागांचा साठा सांभाळतो. नवीन पोरगा आला की त्याला पहिल्या दिवशी शिकवतो: भाग महाग की स्वस्त, देखणा की कुरूप, हे नंतर बघ. आधी बघ, संपला तर परत यायला किती दिवस लागतात. त्याला आम्ही लीड टाइम म्हणतो. पेठेत तासाभरात मिळणारा बोल्ट कितीही वापरा. पण मागवल्यावर वर्षाने येणारं साधं रबरी कडं असलं, तरी ते कपाटात कुलूप लावून ठेवा.

एका दुपारी कागदावर मी मांटाचा लीड टाइम मांडला. मादी वयात यायला दहा वर्षांच्या आसपास, कधी त्याहून जास्त. गर्भ पोटात वर्षभर किंवा थोडा अधिक. अंडं आतच फुटतं आणि पिल्लू आईच्या गर्भाशयातल्या दुधासारख्या द्रव्यावर वाढतं. एका वेळी एकच पिल्लू. पंख अंगाभोवती गुंडाळून बाहेर येतं, उलगडतं, आणि दीडएक मीटर रुंद असं पहिल्या क्षणापासून एकटं पोहू लागतं. आई थांबत नाही. दोन बाळंतपणांत दोन ते पाच वर्षांचं अंतर, कधी त्याहूनही जास्त. आयुष्य चाळीसएक वर्षांचं धरलं, तर वयात आल्यावर हाती राहतात तीस वर्षं. भागाकार केला: सहा ते पंधरा पिल्लं. संपूर्ण जन्मात. त्यातली शार्कच्या तोंडी किती जातात ते वेगळंच.

शेजारी बांगडा लिहिला. वर्ष-दोन वर्षांत वयात येतो, एकेक मादी हजारोंनी अंडी सोडते. मी पेन खाली ठेवलं. भावाच्या प्रश्नाचं उत्तर समोर होतं. पेडवे ढ आहेत म्हणून टोपलीभर खात नाही रे. पेडवे भरून निघतात म्हणून खातो, आणि तेही बेताने खाल्ले तरच. मांटा भरून निघत नाही. तो दगडाएवढा ढ असता, तरी हे गणित असंच राहिलं असतं.

मग लक्षात आलं की ज्यांचं हे रोजचं काम आहे, ते पहिल्यापासून हेच गणित मांडत होते. भर समुद्रातल्या मांटाला आययूसीएन या निसर्गसंवर्धन संस्थेच्या लाल यादीत २०२० मध्ये संकटग्रस्त ठरवलं, ते घट किती वेगाने होते आहे हे बघून. वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराविषयीच्या साइटिस कराराखाली २०१३ साली बँकॉकला मांटाच्या व्यापारावर नियंत्रण आलं, २०१६ मध्ये त्याचे लहान भाईबंदही आत आले, आणि २०२५ च्या अखेरीस समरकंदच्या परिषदेत हे सगळं कुळ सर्वांत कडक अशा पहिल्या परिशिष्टात गेलं. हिंदी महासागरातल्या कुप्याच्या मासेमारीवर देखरेख करणाऱ्या आयोगाने २०१९ मध्ये आपल्या बोटींना हे मासे ठेवून घ्यायला मनाई केली, पोटापुरतं पकडणाऱ्यांना मुभा ठेवून. या सगळ्या कागदांत किती उरले, किती मरतात, किती वेगाने जन्मतात, याचे रकाने आहेत. आरशात कसा वागतो, हा रकाना कुठेच नाही. तो फक्त माझ्या स्लाइडवर होता.

तो का होता, ही तिसरी कबुली, आणि सगळ्यांत अवघड. हुशारीचा निकष माझ्या सोयीचा होता. एक तर त्यामुळे बाकी ताट तसंच राहत होतं. मांटासाठी हळहळायचं आणि बांगड्यावर लिंबू पिळायचं. दुसरं म्हणजे, मी स्वतः हुशारीवर जगलेला माणूस. गुणांवर शिष्यवृत्ती, गुणांवर कॉलेज, गुणांवर बेंगळुरू. जे जे मला माझ्यासारखं दिसलं, ते ते मला मौल्यवान वाटलं. टाकीतल्या मांटाने आरशात काय पाहिलं ते मला माहीत नाही. मी त्या स्लाइडमध्ये काय पाहत होतो, ते आता माहीत आहे. आणि ज्या फूटपट्टीने मी मासे मोजले, तिनेच माणसंही मोजली. नाहीतर ‘निर्बुद्ध’ हा शब्द त्या दिवशी इतक्या सहज आला नसता. तो शब्द मी माझ्या आजोबांच्या धंद्याला लावला होता.

भावाला हे सगळं सांगायला मी फोन केला नाही, गावी गेलो. त्याने माझं ऐकून घेतलं आणि स्वतःची गोष्ट सांगितली. त्याच्या जाळ्यात एकदा मोठं कासव आलं होतं. महाराष्ट्रात वनविभागाच्या कांदळवन कक्षाची २०१८ पासून एक योजना आहे: कायद्याने संरक्षण दिलेला समुद्री प्राणी जाळ्यात सापडला आणि जाळं कापून तो जिवंत सोडला, तर २५,००० रुपयांपर्यंत भरपाई. सोडतानाचा फोटो किंवा व्हिडिओ द्यावा लागतो. भावाने कासव सोडलं, पुतण्याने व्हिडिओ काढला, पैसे मिळाले. ‘‘कासव हुशार होता काय?’’ मी विचारलं. ‘‘काय म्हाईत,’’ तो म्हणाला. ‘‘माका बघून ता रडा होता एवढा खरा.’’ मग स्वतःच पुढे म्हणाला की कासवाच्या डोळ्यांतून पाणी येतंच, ते खारं पाणी बाहेर टाकत असतं, हे शाळेतल्या बाईंनी पुतण्याला शिकवलंय. माझ्या सगळ्या व्याख्यानांत मी अशी दुसरी बाजू एकदाही सांगितली नव्हती.

मांटासाठी असं सोडणं जास्त कठीण, हेही त्याच्याशी बोलताना नीट कळलं. शेकडो किलोचा मासा होडीत घेता येत नाही. आकडी लावली, कल्ल्यांच्या चिरेत किंवा शिंगांत हात घालून ओढला, तर सोडूनही तो मरतो. त्याला पाण्यातच ठेवून जाळं कापायला हवं, तेही लवकर, कारण थांबलेला मांटा दर मिनिटाला गुदमरतो आहे. म्हणजे जाळं रात्रभर एकटं सोडण्यापेक्षा त्याच्यावर नजर ठेवायला हवी. त्यासाठी डिझेल हवं, माणूस हवा. हा खर्च कुणाचा, या प्रश्नावर खरं भांडण आहे. ते भांडण मांटाच्या मेंदूविषयी बोलून सुटत नाही.

माझं सगळं सुटलंय असं नाही. मांटा हुशार आहे हे ऐकलं की अजून आत काहीतरी हलतं. इंडोनेशियातल्या राजा आम्पातमध्ये मांटा ठरावीक सोबत्यांबरोबरच पुन्हा पुन्हा दिसतात, अशी नोंद २०१९ मध्ये झाली, तेव्हा मी ती बायकोला मोठ्याने वाचून दाखवली. ते कुतूहल मी टाकून देणार नाही. फक्त त्याच्या खांद्यावर न्यायनिवाड्याचं ओझं देत नाही. अजून मी भाषणं देतो, पण आता शेवटच्या स्लाइडवर दोन ओळींचा तक्ता असतो, बांगड्याचा आणि मांटाचा. टाळ्या कमी पडतात. मागच्या खेपेला एका शाळकरी मुलीने वहीत भागाकार करून बघितला आणि म्हणाली, ‘‘काका, पंधरा जास्तीत जास्त झाले, सहाच धरायला हवेत.’’ मी तक्ता दुरुस्त केला.

त्या गावच्या मुक्कामात वहिनीने दुपारी ताट वाढलं. वाटीत तिरफळांचा वास, आजीच्या हातचा असावा तसा. वागळी होती, लहानशी, सकाळीच कुणाच्या तरी जाळ्यात आलेली. मी वाटी हळूच बाजूला सरकवली.

भाऊ घास थांबवून बघत राहिला. ‘‘आता काय, ही पण हुशार?’’

‘‘नाय,’’ मी म्हटलं. ‘‘पण ही पण पिल्लां घालता. एका टायमाक चार-दोन. भरान येवक वेळ लागता.’’

त्याने माझ्या वाटीकडे पाहिलं, मग स्वतःच्या. थोडा वेळ विचार केला, आणि माझी वाटी उचलून आपल्या भातावर ओतली. ‘‘मेलेली हा,’’ तो म्हणाला.

‘‘थांबा भावोजी,’’ वहिनी चुलीकडे वळली, ‘‘पेडवे भाजतंय तुमका.’’